फळ्यावरची वेळ

"फळ्यावर आज कोण न्हाई न्हवं?"

सायकलवरनं न उतरता, एक पाय तालमीच्या कट्ट्यावर टेकवून जयानं विचारलं. सकाळचे आठ वाजले असतील. मी नुकताच फळा ओल्या फडक्यानं पुसून घेतला होता आणि खडू पाण्यात बुडवत होतो. ओल्या खडूचं अक्षर वाळल्यावर ठसठशीत उठतं.

"कोण न्हाई. आज नुसती मॅच," मी म्हणालो.

"मग बरं." त्यानं डोळे चोळले. चार दिवस तो दवाखान्यातच झोपत होता. त्याचे वडील, गणपतराव मेढे, पेठेचे आण्णा, छातीत पाणी झाल्यामुळं तिथं पडले होते. "पेंटर, एक काम सांगतो, ध्यान देऊन ऐक. आमच्या शैलीला तुझ्या मोबाईलचा नंबर दिलाय. आज दिवसभर ती आण्णांपाशी हाय. तिचा फोन आला, तर मॅच कुठंबी असू दे, मला मैदानातनं वढून काढायचं."

"आरं पण आण्णा बरे हाईत की. काल चहा घेतला म्हणालास."

"घेतला. पण डोळं बरं दिसत न्हाईत. जायला मनच हुईना. तेच म्हणाले, जा, गोल मोकळा सोडू नको." त्यानं हात पुढं केला. "शप्पथ घे."

"जोतिबाशप्पथ. फोन आला की तुला सांगणार."

तो हसला, पाय उचलला आणि गेला. आठवणीत तो मला तसाच दिसतो, पाठमोरा, हँडलला ग्लोव्ज लटकावलेला. आणि मला माझीच शिसारी येते.

आता फळ्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्याशीच येऊन भिडतं. आमची पेठ नागझरी. कोल्हापुरात पेठ म्हटलं की तालीम आली, तालीम म्हटलं की फुटबॉलचा संघ आला, आणि आमच्या तालमीच्या दाराला लागून एक सहा बाय चारचा काळा फळा होता. कोण वारलं, कोण पास झालं, पाणी कधी येणार, मॅच किती वाजता, सगळं त्यावर. मी बोर्ड रंगवणारा माणूस, धंद्यानं पेंटर आणि नावानंही पेंटरच. दिगंबर पोवार म्हणून हाक मारली तर मी मागं बघितलं नसतं. आधी माझे चुलते फळा लिहायचे, त्यांचा हात कापायला लागला तसा खडू माझ्याकडं आला. फळ्यावर आलं म्हणजे खरं, असा पेठेचा हिशेब. पेपरातल्या बातमीवर लोक शंका काढायचे, फळ्यावर नाही.

आणि एक रीत होती. फळ्यावर मयताचं नाव चढलं की मयत उठेपर्यंत तालमीच्या पेटीतनं कीट बाहेर काढायचं नाही, ताशा वाजवायचा नाही. एका साली कोपऱ्यावर फुटाणे विकणारी म्हातारी वारली म्हणून आम्ही सेमीफायनल सोडली होती. ती म्हातारी कुणाची कोण नव्हती. तरी सोडली. ही गोष्ट आमचे लोक चार पेठांत छाती फुगवून सांगायचे, मी पण सांगायचो.

त्या वर्षी मात्र छाती फुगवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. साल दोन हजार चार. सोळा संघांतले शेवटचे दोन वरिष्ठ गटातनं खाली उतरणार होते आणि आम्ही शेवटून तिसऱ्या जागेवर चिकटून होतो. साठ वर्षांत नागझरी कधी खाली गेली नव्हती. महिनाभर पेठेत दुसरा विषय नाही. चहाच्या गाड्यावर, दाढी करताना, तिरडीला खांदा देताना सुद्धा लोक तेच समीकरण मांडायचे, की आमच्या खालची चिंचवाडी हरली तर काय, बरोबरीत सुटली तर काय. माझ्या बायकोला ऑफसाइड कळत नव्हतं, पण आपल्याला किती गुण लागतात हे तिला पाठ होतं.

शेवटची मॅच तोफखाना तरुण मंडळाशी. आणि आमचा दुसरा गोलकीपर मनगट मोडून घरी बसलेला. म्हणजे जया नसेल तर गोलात उभं राहायला कोणी नाही, हे साऱ्या पेठेला माहीत. जयाला गोलकीपर केला त्याच्या बापानं. आण्णा स्वतः पंधरा वर्षं आमच्या गोलात होते. फाउंड्रीतनं सुटले की तसेच काळ्या हातांनी मैदानावर यायचे आणि पोरांना पडायला शिकवायचे. "हात पसर, तोंड झाकू नको," हे त्यांचं वाक्य मी लहान असताना माझ्याही पाठीत बसलेलं आहे.

दुपारी अडीचला आम्ही स्टेडियमवर पोचलो तेव्हा दोनची मॅच चालू होती. चिंचवाडीची. ती चिंचवाडीनं तीन-एकनं मारली. शिट्टी वाजली आणि आमच्या गॅलरीत सगळे बोटांवर गुण मोजायला लागले. आता आम्हाला एक गुण पाहिजेच होता. हरलो की खाली.

"झिरो-झिरो ठेवायची," विलासनाना म्हणाले. तालमीचे अध्यक्ष. पांढरा सदरा, पांढरी विजार, खिशाला दोन पेनं. पेठेतल्या प्रत्येक भांडणात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. "गोल मारायच्या भानगडीत पडू नका. जया हाय न्हवं मागं? मग झालं."

चारला मॅच सुरू झाली. समोरच्या गॅलरीत तोफखान्याचे लोक. त्यांना जिंकून हरून काही फरक पडत नव्हता, त्यांची तिसरी जागा ठरलेली. पण नागझरीला बुडवायचंच म्हणून ते ट्रॅक्टर भरून आले होते. आणि येताना तिरडी घेऊन आले होते. खरी तिरडी. वेळूची, सुतळीनं आवळलेली, वर पेंढ्याचं बुजगावणं आणि त्याला आमचा निळा-पिवळा शर्ट. एक जण पुढं मडकं धरून, चार जण खांद्यावर. मैदानाच्या कडेनं आमच्यासमोरनं त्यांनी ती फिरवली.

"नागझरी गेली रं! पाणी पाजा रं कुणीतरी! पोरगं कुठं गेलं हिचं?"

आमच्या पोरांनी चपला फेकल्या, आया-बहिणी काढल्या. मी पण काढल्या. आता आठवलं की तोंड धुवावंसं वाटतं. कारण मागच्या वर्षी अशीच तिरडी आम्ही तोफखान्याची काढली होती आणि तिच्यावरची पाटी कुणी रंगवली होती? मीच. त्यांच्या कॅप्टनचं नाव घालून वर हार सुद्धा काढला होता. लोकांनी पाठ थोपटली होती.

पहिल्या हाफात जयानं दोन बॉल असे काढले की आमची म्हातारी माणसं देवाचं नाव घेऊन खाली बसली. एक तर पायानं. झिरो-झिरो. चार चाळीसला हाफटाइमची शिट्टी झाली. हाफटाइमला खेळाडूंना लिंबं द्यायचं काम माझं होतं. घरनंच फोडी कापून, मीठ लावून डब्यात आणायचो. डबा उघडत मी पायऱ्या उतरत होतो आणि खिशातला फोन थरथरला.

"पेंटरदादा, मी शैला बोलतोय." जयाच्या बहिणीचा आवाज दबलेला होता, कॉरिडॉरमधनं बोलत असावी. "दादाला पाठवा लगेच. डॉक्टर म्हणाले, कोण बोलवायचं असंल तर बोलवा. आण्णा शुद्धीवर हाईत. सारखं म्हणत्यात, जया आला का, जया आला का."

"व्हय व्हय. पाठवतो," मी म्हणालो.

"लगेच हां दादा."

स्टेडियमपासून दवाखाना स्कूटरवर दहा मिनिटं. माझी स्कूटर गेटातच उभी होती. किल्ली माझ्या खिशात होती. एवढं सगळं होतं. मला फक्त पन्नास पावलं चालून जयाच्या खांद्यावर हात ठेवायचा होता.

मी नानांकडं गेलो. का गेलो? आज पण मला याचं उत्तर देता येत नाही. अध्यक्षांना सांगावं, एवढीच अक्कल. जणू बाप त्यांचा मरत होता.

नानांनी ऐकून घेतलं. आजूबाजूला बघितलं. माझा दंड धरून मला पाण्याच्या टाकीमागं नेलं. तिथं गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी भिंत लाल झाली होती, लघवीचा वास मारत होता.

"कुणाला बोललास?"

"कुणालाच न्हाई."

"बोलू नको." नाना माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाले. "डॉक्टर लोक असंच म्हणत्यात. आमच्या मेव्हण्याला तीनदा म्हणाले, त्यो अजून जित्ता हाय. चाळीस मिनिटांचा प्रश्न हाय, पेंटर. चाळीस मिनिटांत काय हुतंय?"

"पण नाना, मी शप्पथ घेतलीया त्याच्यापाशी."

"आन् पेठेपाशी काय घेतलीयास? ह्यो गेला तर गोलात कोण? तू उभा ऱ्हातोस? आरं साठ वर्षं, साठ वर्षं न्हाई गेलो खाली. आण्णाला शुद्धीवर इचार, आण्णाच काय म्हणंल? खेळ म्हणंल. त्यो माणूस कसा हाय, तुला ठाव न्हाई व्हय?"

हे असं असतं बघा. समोरच्या माणसाला आण्णा काय म्हणतायत हे मी सांगितलं होतं. जया आला का, एवढंच म्हणत होते ते. तरी पण नानांनी त्यांच्या तोंडात दुसरं वाक्य घातलं आणि मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला पटवूनच घ्यायचं होतं! मलाही खाली जायचं नव्हतं. उद्या फळ्यावर 'नागझरी तालीम दुसऱ्या गटात' असं लिहायची वेळ माझ्यावर येऊ नये, ही माझी इच्छा. तेवढ्यासाठी.

"तिला सांग, निघाला म्हणून," नाना म्हणाले. "म्हाताऱ्याला जरा हुरूप यील."

मी तिथंच उभं राहून शैलाला फोन लावला. "निघालाय बघ तो," मी म्हणालो.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. मग फोन तोंडापासनं लांब धरून तिनं आत ओरडलेलं मला ऐकू आलं. "आण्णा, निघालाय हो दादा! आत्ता पोचंल!"

मग मी डबा घेऊन खेळाडूंकडं गेलो. सगळे गवतावर पाय पसरून बसले होते. जया एका बाजूला, ग्लोव्ज काढून बोटं मोडत होता. मी त्याच्या हातावर लिंबाची फोड ठेवली. त्यानं ती तोंडात धरून चोखली, डोळे बारीक केले.

"शैलीचा फोन?"

"न्हाई," मी म्हणालो.

"नक्की?"

"आरं आला असता तर सांगितलं नसतं व्हय?"

त्यानं मान हलवली. चोखलेली साल माझ्याच तळहातावर ठेवली, हा त्याचा नेहमीचा आगाऊपणा, आणि उठला. मी ती साल मुठीत धरून गॅलरीत परत गेलो. टाकायचं सुद्धा सुचलं नाही. मूठ चिकट झाली होती.

दुसरा हाफ चार पन्नासला सुरू झाला. मला मॅच दिसत होती आणि दिसत नव्हती. तोफखान्यानं सगळी माणसं पुढं घातली. बॉल आमच्याच अर्ध्यात नाचत होता. शेजारचा एक जण दर मिनिटाला माझं घड्याळ ओढून बघायचा. "किती राहिली? किती राहिली?" चार अठ्ठावन्नला फोन थरथरला. शैला. मी घेतला नाही. थरथरून थांबला. पाच एकला परत. मी खिशावर हात दाबून धरला. कुणाला ऐकू जाईल म्हणून! त्या कालव्यात, जिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं तिथं.

तोफखान्याची तिरडी परत फिरत आली. आता ते लोक रडायचं सोंग करत होते. एकानं डोक्यावर टॉवेल घेतला होता, बाईसारखा, आणि ऊर बडवत होता. "गेली गं माझी नागझरी!" असलं काहीतरी. आमचे लोक आता चिडत पण नव्हते, सगळ्यांचे डोळे बॉलवर.

पाच आठला तिसऱ्यांदा फोन आला. हा मी घेतला. दुसरा कान दाबून धरला.

शैला रडत नव्हती. अगदी हळू बोलत होती.

"पेंटरदादा, आण्णा गेले. पाच वाजून पाच मिनिटं झाली तवा. दादा वाटंवर असंल न्हवं? त्याला तेवढा फोन करून सांगता का कुणाकडनं, गाडी सावकाश चालव म्हणावं. आता घाई न्हाई."

मी काहीतरी 'हं' केलं. फोन बंद झाला.

गाडी सावकाश चालव. आणि जया माझ्यापुढं साठ-सत्तर फुटांवर, गोलच्या पांढऱ्या रेषेवर, हात पसरून उभा होता. कॉर्नर होता. बॉल आत आला, चार डोकी वर गेली आणि जयानं सगळ्यांच्या वरनं तो मुठीनं बाहेर ढकलला. आमची गॅलरी उठून उभी राहिली. "जया! जया! जया!" पेठेची हजारभर माणसं त्याचं नाव घेत होती आणि त्या हजारांत मला एकट्यालाच ठाऊक होतं की हा आता कुणाचा मुलगा राहिलेला नाही.

तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं. आता काय उपयोग, असं मनाशी म्हणालो. बघा तर माणूस किती पटकन शिकतो.

साडेपाचच्या पुढं दोन-तीन मिनिटं गेली आणि शिट्टी झाली. झिरो-झिरो. कुंपणावरनं उड्या पडल्या. गुलालाची पोती आमच्या लोकांनी आधीच आणून ठेवली होती, हरलो असतो तर त्यांचं काय करणार होते देव जाणे. जयाला खांद्यावर घेतला. गुलालानं तो डोक्यापासून बुटापर्यंत लाल झाला, तोंडात गेला, तो थुंकत होता आणि हसत होता. त्याच्या नजरेनं गर्दीत मला शोधलं. मला बघून त्यानं कानाला हात लावून फोनची खूण केली. काय, आला का?

मी नानांकडं बघितलं. नानांनी माझ्याकडनं फोनचा मजकूर आधीच काढून घेतला होता. ते पुढं झाले, जयाला खाली उतरवला, त्याच्या गळ्यात हात घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं की खोटं, मला सांगता येणार नाही. त्या माणसाला दोन्ही जमत होतं.

"जया, बाळा, आत्ता, हितं शिट्टी वाजली आन् फोन आला. आण्णांनी आपली मॅच बघूनच डोळं मिटलं असं समज."

जयानं ग्लोव्ज काढून खाली टाकले आणि पळत सुटला. तसाच, बुटांवर. माझ्या स्कूटरची किल्ली माझ्या खिशात होती आणि तो पळत गेला. मी मागनं ओरडलो सुद्धा नाही.

दवाखान्यात तो तसाच लाल शिरला म्हणे. नर्स घाबरली, तिला वाटलं अपघात झालाय. बापाच्या तोंडात पाणी घातलं तेव्हा त्या पाण्यात गुलाल उतरला. हे मला नंतर शैलाकडनं नाही, तिच्या मावशीकडनं कळलं. शैला माझ्याशी त्या दिवसानंतर बोललेली नाही.

इकडं पेठेत आम्ही सात वाजायच्या आत पोचलो. ताशे नानांनी स्टेडियमच्या गेटातच बंद करवले होते. तालमीसमोर माणसं जमली, कुजबुज चालू झाली. कुणीतरी म्हणालं, "म्हंजे मयत झालेली असताना आपण खेळलो व्हय?" नानांनी ते ऐकलं. मला फळ्यापाशी बोलावलं आणि खडू स्वतःच्या हातानं पाण्यात बुडवून माझ्या हातात दिला.

"लिही. वर मॅचचं. 'नागझरी तालीम वरिष्ठ गटात कायम, सर्व खेळाडूंचं अभिनंदन.' खाली आण्णांचं."

मी वरचं लिहिलं. खालचं लिहिलं. 'आमचे ज्येष्ठ गोलकीपर गणपतराव मेढे यांचे आज सायंकाळी' इथवर आलो आणि थांबलो.

"पावणेसहा," नाना म्हणाले.

"नाना, पाच पाच."

"पावणेसहा लिही. मॅच साडेपाचला संपली. म्हंजे खेळताना मयत नव्हती. कुणाला बोट दाखवाय जागा नको. तोफखान्याला तर नकोच नको. पेठेची रीत मोडली असं उद्या कोण म्हणायला नको." मग माझ्या पाठीवर थाप मारून हळूच, "आरं चाळीस मिनिटांनी काय फरक पडतोय? माणूस तर गेलाच न्हवं?"

रीत मोडली होती. रीत मोडून ती मोडली नाही असं लिहायला मला उभं केलं होतं, आणि मी लिहिलं. पावणेसहा वाजता दुःखद निधन. पेठेनं वाचलं, माना हलवल्या. बायांनी पदर डोळ्याला लावले. "मॅच संपेतवर जीव धरून ठेवला बघा म्हाताऱ्यानं," असं एक जण म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी स्मशानात सगळे तेच म्हणत होते. तिसऱ्या पेठेतल्या लोकांच्या डोळ्यांत सुद्धा त्यानं पाणी आलं. नानांनी तिथं भाषण केलं. मी सगळ्यात मागं उभा होतो. घरी येऊन मी न्हाणीत ओकलो. बायको म्हणाली, उन्हानं झालं असंल.

रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी झालं. त्या दिवशी अकराच्या सुमाराला मी तालमीच्या दारात बसलो होतो. फळा मी पुसला नव्हता, मयताचं नाव तीन दिवस ठेवायचं असतं. जया आला. चालत आला, डोक्यावर पांढरी टोपी, हातात दवाखान्यातनं मिळालेला कागद. माझ्याकडं न बघता तो फळ्यासमोर उभा राहिला आणि वरपासून खालपर्यंत वाचत गेला. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं आता मारणार. मारावं असं वाटत होतं. मारलं असतं तर सुटलो असतो.

"फडकं हाय?" त्यानं विचारलं.

मी ओलं फडकं दिलं. त्यानं 'पावणेसहा' एवढंच पुसलं. नीट, कडेच्या अक्षरांना धक्का न लावता. मग खडूसाठी हात पुढं केला. मी दिला. त्यानं तिथं 'पाच पाच' लिहिलं. लिहायची सवय नव्हती त्याला, अक्षर वाकडं आलं, आणि कोरडा खडू होता म्हणून पुसट पण.

"जया," मी म्हणालो, "हे वरचं पण पुसतो मी. अभिनंदनाचं. नको ते."

"राहू दे. ते खरं हाय." त्यानं बोटांना लागलेली खडूची भुकटी झटकली. "पाच पाच म्हंजे दुसऱ्या हाफातलं पंधरावं मिनिट. मी काढलं मोजून. आन् शैली म्हणती, पहिला फोन हाफटाइमला केला. पेंटर हो म्हणाला, निघालाय म्हणाला. आण्णा मग दाराकडंच बघत बसले. ती म्हणाली डोळं मिटून पडा, तर म्हणाले, न्हाई, आत्ता यील."

"मला एवढंच सांग. लिंबू दिलंस, तवा फोन येऊन गेला हुता?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. तालमीत कुणीतरी जोर मारत होतं, त्याचे हुंकार ऐकू येत होते. एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबली, फळ्यावरची बदललेली वेळ वाचली, आमच्याकडं बघितलं आणि भरभर निघून गेली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पेठभर झाली. नानांना कुणी काही विचारलं नाही. पुढच्याच वर्षी नागझरी खाली गेली ती गेलीच, जया परत गोलात उभा राहिला नाही, आणि मी परत त्या फळ्याला हात लावला नाही. आता तिथं फ्लेक्स लागतो. पण ते सगळं नंतरचं. त्या वेळी जयानं फक्त वाकून फळ्याच्या जवळ तोंड नेलं आणि नानांनी सांगितलेली, मी लिहिलेली ती ओळ परत एकदा वाचली. तिच्या मध्यावर आता त्याचं वाकडं 'पाच पाच' होतं.

"अक्षर बाकी झकास काढलंयस," तो म्हणाला. "हात जरासुद्धा हलला न्हाई तुझा."

खडू माझ्या हातात देऊन तो गेला. मी फळ्याकडं बघितलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझी सगळी अक्षरं एका सरळ रेषेत, दोरी लावून ओढल्यासारखी आली होती.